नगरसेवक नव्हते तेव्हा राजकारण थांबलं होतं का?

गंगापूररोडवाला

मंडळी नमस्कार. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा पहिला नियम आहे, राजकीय पोस्ट टाकायची नाही. चांगलाय नियम. पण त्याच ग्रुपवर सध्या काय चाललंय तर टँकरचे पैसे फ्लॅटमागे सारखे घ्यायचे की घरात माणसं किती त्या हिशेबाने, लिफ्टचा खर्च तळमजल्याने का द्यायचा, आणि भाडेकरूला मीटिंगमध्ये बोलू द्यायचं की नाही. शेवटच्या मुद्द्यावर तर दोघं जण ग्रुप सोडून गेले. म्हणजे पैसे कोणी भरायचे, कोणाचं ऐकायचं, कोणाला धरायचंच नाही हे सगळं जोरात चालू, फक्त राजकारण नको.

धागा काढायचं कारण मात्र वेगळंय. मार्च २०२२ ला आपल्या नाशिक महापालिकेची मुदत संपली, १२२ नगरसेवक घरी गेले आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारखांवर तारखा. घटनेच्या २४३-यू कलमात मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं स्वच्छ लिहिलंय, तरी. त्या काळात आमच्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींचं एकमत होतं की बरं झालं, राजकारण गेलं, आता कामं होतील. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. कुठला रस्ता आधी करायचा, कर किती लावायचा, कुंभमेळ्याच्या कामांना कुठून हात घालायचा हे निर्णय त्या काळातही झालेच ना, मग ते राजकारण नव्हतं तर काय होतं? माझ्या मते ते सभागृहातून उठून केबिनमध्ये जाऊन बसलं आणि आपल्याला गॅलरीत बसून बघता यायचं तेवढं बंद झालं.

तुम्हाला काय वाटतं? राजकारण असतं कशासाठी? सेवा, सत्ता, वाटावाटी की नुसता टाइमपास? पक्षांची धुणी इथे धुवू नका प्लीज, त्याला दुसरे धागे आहेत.

सिडकोचा_बंड्या

"सेवा" वाचून चहा सांडला राव. राजकारण म्हणजे ठेका, विषय संपला.

२०१७ ला चार-चार जणांचे प्रभाग केले, ३१ पैकी २९ प्रभागांत चार नगरसेवक. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं की पहिला म्हणायचा तो भाग दुसऱ्याकडे, दुसरा म्हणायचा निधी तिसऱ्याकडे आणि चौथ्याचा फोन स्विच ऑफ. उद्घाटनाला मात्र चौघं हजर, कमानीपासून सुलभ शौचालयापर्यंत. आणि वरच्यांचं सांगू का, २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकला मेट्रो निओ जाहीर झाली, २०९२ कोटी, किती फटाके वाजले होते आठवतंय का? आता खांब दाखवा एक. मधल्या काळात जमिनी कोणी घेतल्या कोणी विकल्या ते ज्याला कळायचं त्याला कळलं. मी मत देतो, दर वेळी देतो, पण सेवाबिवा बोलू नका.

आडगावची

उद्घाटनावरून आठवलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली ती पासपोर्ट फोटोंची लाईन असते ना, "शुभेच्छुक" वाली, त्यात आमच्या कॉलेजचा एक जण आहे. त्याला विचारलं की तुला त्या भाऊंचं एक तरी काम माहितीये का, तर म्हणे काम कशाला माहिती पाहिजे, फोटो लागला की चौकीत ओळख राहते, गाडी उचलली तर सोडवता येते. इतकं प्रामाणिक उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे त्याच्यासाठी राजकारण ही एक टाईपची इन्शुरन्स पॉलिसीच झाली ना, हप्ता म्हणजे फोटो.

टाकळीकर

बंडोपंत, तुमचा राग समजतो, पण ठेकेदारीलाच राजकारण म्हणायचं ठरवलं तर मग बोलायला काही उरतच नाही. हा वाद आजचा नाही. १९२० साली टिळक आणि गांधी यांच्यात नेमकं यावरच लेखी झालंय. टिळकांचं म्हणणं होतं की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, समोरचा जसा वागेल तसं वागावं लागतं, आणि त्याला त्यांनी गीतेतला "ये यथा मां" हा आधार दिला. गांधींना ते मान्य नव्हतं, ते म्हणाले जग साधूंसाठी नाही असं मानणं हा मनाचा आळस आहे. त्याआधी गोखल्यांनीही राजकारणाला आध्यात्मिक पाया असावा असाच आग्रह धरला होता, १९०५ ला भारत सेवक समाज काढला तो त्यातूनच.

मी राहतो टाकळीला, जिथे समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांनी पहिलं हरिकथा आणि दुसरं राजकारण असा क्रम लावला. राजकारण टाळा असं त्या माणसाने कुठेही म्हटलेलं नाही, तपाला बसणारा माणूस असून. मला वाटतं राजकारणाचा हेतू लोकसंग्रह हाच असायला हवा, माणसं जोडून समाज टिकवणं. सत्ता हे त्याचं साधन. आज साधनालाच देव्हाऱ्यात बसवलंय.

रच्याकने, कुंभमेळ्याच्या शहरात राहून "राजकारण साधूंचं नाही" हे वाक्य वाचताना मला कायम हसू येतं. कोणत्या आखाड्याने आधी स्नान करायचं आणि कोणाला साधुग्राममध्ये किती जागा मिळायची यावरून जे होतं ते बघितलंय आपण.

यंत्रविशारद

लोकहो, थोडं वेगळं मत मांडतो, शिव्या घालू नका.

मी धागाकर्त्याच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या बाजूने आहे. रस्ता, पाणी, कचरा, बस हे टेक्निकल विषय आहेत, त्यांची उत्तरं डेटा बघून काढता येतात. पाण्याच्या पाइपला पक्ष नसतो. शहराला रोज किती एमएलडी (दशलक्ष लिटर) पाणी लागतं, गळती किती, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा यात मतदान कशाला पाहिजे? विमान उडवताना आपण प्रवाशांचं मत घेत नाही. तज्ज्ञ नेमा, टार्गेट द्या, नाही जमलं तर काढा. राजकारणाचं काम एकच असावं, तज्ज्ञ नेमणं आणि मग बाजूला होणं. आपल्याकडे प्रॉब्लेम असा की बाजूला कोणीच होत नाही.

धरणावरचा_माणूस

यंत्रविशारदसाहेब, तुमच्याशी बोलायला मजा येईल कारण मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय आणि आयुष्यभर व्हॉल्व्ह नव्हे तर गेटच उघडलेत. तुम्ही पाण्याचंच उदाहरण दिलंत म्हणून जरा लांबण लावतो.

गोदावरीच्या वरच्या अंगाला आपली धरणं, गंगापूर, दारणा, पालखेड समूह, पुढे नगरकडे भंडारदरा आणि मुळा. खाली पैठणला जायकवाडी. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात लिहिलं की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट सारखी वाटून घ्यायची. आता "सारखी" म्हणजे किती? त्यासाठी मेंढेगिरी समिती बसली, तिचा अहवाल २०१३ चा. सगळे इंजिनियर, तुम्हाला आवडतील असेच. त्यांनी गणित मांडून दिलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्यांनी पाणी सोडायचं, कोणी किती त्याचा तक्ता. प्रकरण हायकोर्टात गेलं, २०१६ ला तत्त्व कायम राहिलं.

झालं का टेक्निकल? मग ऐका, पाणी सोडायचा आदेश आला की काय काय करावं लागतं. नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नाहीतर पाणी वाटेतच अडतं. काठच्या गावांची वीज बंद करायची, नाहीतर रात्रीत मोटारी लागतात. बंदोबस्त लागतो. फळ्या काढायला गेलं की गावातली माणसं काठावर येऊन उभी राहतात, काही बोलत नाहीत, नुसती बघतात, त्यात आपल्या ओळखीचेही असतात. त्यांची द्राक्षं आहेत, वर्षाचं पीक आहे. आणि खाली पैठणच्या पलीकडच्या माणसाला प्यायला नाहीये. दोघंही खोटं बोलत नाहीत साहेब. कुठलं सॉफ्टवेअर सांगणार यात बरोबर कोण?

आता ६५ चं ५८ करा अशी नव्या अभ्यासगटाची शिफारस आहे आणि मराठवाड्यातून त्याला विरोध आहे. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढे, त्याचे सात टक्के म्हणजे सव्वापाच टीएमसीच्या वर, म्हणजे आपलं गंगापूर धरण जवळजवळ अख्खं. एवढं पाणी एका आकड्यात इकडचं तिकडे होतं. आकडा काढायला इंजिनियर लागतो हे खरंच आहे, पण कोणता आकडा न्याय्य हे त्याने एकट्याने ठरवावं असं मला नोकरीत असतानाही वाटलं नाही.

गंगापूररोडवाला

काका दंडवत. धागा काढल्याचं सार्थक झालं.

एमए_पार्ट_टू

धरणकाका जे सांगतायत त्याला पुस्तकी भाषेत लासवेल म्हणतात, १९३६, राजकारण म्हणजे कोणाला काय, कधी आणि कसं मिळतं. टाकळीकर काका ॲरिस्टॉटलच्या लाईनचे, राज्य नुसतं जगण्यासाठी नाही तर चांगलं जगण्यासाठी. आणि बंड्याभाऊंसाठी मॅक्स वेबरचं १९१९ चं म्युनिकचं भाषण, त्यात तो म्हणतो राजकारण म्हणजे जाडजूड फळीला हळूहळू भोक पाडत बसणं, जोश पण हवा आणि डोकं पण शांत हवं. याच वेबरने राज्याची व्याख्या मात्र बळाच्या वापरावरून केली, तो भाबडा अजिबात नव्हता.

सिडकोचा_बंड्या

@एमए_पार्ट_टू आमच्या इथे रस्त्याला भोकं पाडण्याचंच काम जोरात आहे. हलके घ्या.

चाळीतला_कांदा

मी निफाड तालुक्यातली, आयडीवर जाऊ नका बाई आहे मी. सगळं वाचलं. शहरातली माणसं राजकारण असावं का नसावं याच्यावर चर्चा करू शकतात याचंच मला नवल वाटतं, कारण आमच्याकडे हा प्रश्न पडतच नाही, आमच्या चाळीत पडलेल्या कांद्याला सुद्धा राजकारण कळतं.

तारखा सांगते, बघा काय दिसतं. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लासलगावसकट बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदीच केली. का, तर शहरात भाव वाढले आणि पुढे लोकसभा होती. मग मे २०२४ ला, आमच्याकडचं मतदान २० तारखेला आणि त्याच्या दोन-अडीच आठवडे आधी बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यात किंमत ठेवूनच. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. सप्टेंबरात विधानसभेच्या तोंडावर शुल्क २० टक्के झालं, एप्रिल २०२५ ला शून्य. आता मला सांगा यात शेतीचं शास्त्र कुठे आहे, हे सगळं कॅलेंडर निवडणुकीचं आहे.

पण म्हणून मी बंड्याभाऊंसारखं सगळे चोर म्हणत नाही, कारण मतदान नसतं तर ते शून्य पण झालं नसतं. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवतो आम्ही, रोज खालून वर हात घालून बघायचं, एक सडला की शेजारचे दहा जातात, वास आला की अख्खी चाळ उपसायची. भाव पडलेला असताना ती उपसायला बसलं ना की कळतं सरकार म्हणजे काय ते. मग पिकअप भरून लिलावाला न्यायचा, ओळीत उभं राहायचं, व्यापारी मूठभर उचलतो, दोन कांदे फोडतो, भाव पुकारतो, मिनिटात खेळ खलास. त्यानंतर खळ्यावर गेल्यावर वांधा काढला की पुन्हा भाव कमी. त्या मिनिटात मी काहीच बोलू शकत नाही. बोलायची जागा एकच, मत.

शरद जोशींनी १९८० ला इथूनच कांदा-उसाचं आंदोलन उभं केलं तेव्हा संघटना निवडणुकीपासून लांब होती, माझे सासरे होते त्यात. नंतर त्याच जोशींनी पक्ष काढला, राज्यसभेवर पण गेले. सासऱ्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. मला विचाराल तर त्यांना ते करावंच लागलं, रस्ता अडवून भाव मिळतो एका हंगामाचा, धोरण बदलायला आत जावं लागतं.

सिडकोचा_बंड्या

ताई पटलं बऱ्यापैकी. पण तुमच्याच दिंडोरीत २०२४ ला एका अपक्षाला नुसत्या तुतारी चिन्हामुळे लाखावर मतं पडली ना? लोकांनी निवडून आलेल्या उमेदवाराचं "तुतारी वाजवणारा माणूस" हे चिन्ह समजून दाबलं बटण. हे तुमचं जागरूक मत?

चाळीतला_कांदा

पडली. आणि तरीही जो निवडून यायचा तो लाखाच्या फरकानेच आला. गोंधळ धरूनसुद्धा लोकांना काय म्हणायचं ते म्हणता आलं की नाही? आणि शहराचं काय सांगता, तुम्ही २०१२ ला ज्या मनसेला महापालिकेत ४० जागा दिल्या तिला २०१७ ला पाचवर आणलंत. त्याला कोणी गोंधळ नाही म्हणालं.

संपादक

कृपया पक्षांची नावं घेऊन चर्चा भरकटवू नये. राजकारणावरच्या धाग्यात राजकारण आणू नये.

आडगावची

संपादक साहेब हे वाक्य फ्रेम करून लावा 😂

निळी_पहाट

इतका वेळ नुसतं वाचत होतो. वाटावाटीची चर्चा चांगली चाललीये पण तिच्या आधीची एक पायरी कोणीच बोललं नाही. वाटायला बसलेल्यांमध्ये आपण आहोत की नाही हे कोण ठरवतं? धागाकर्त्याने भाडेकरूचा मुद्दा सहज लिहून सोडून दिला, माझ्या मते खरं राजकारण तिथेच आहे.

पंचवटीतलं काळाराम मंदिर सगळ्यांना माहिती. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आले होते आणि इथली सगळी जबाबदारी दादासाहेब गायकवाडांवर होती. दरवाजे बंद केले. रामनवमीला तोडगा निघाला की रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, तर तिथे दगडफेक झाली. पुढे पाच वर्षं हे चाललं. माझे पणजोबा त्यात होते, आमच्या घरात ती गोष्ट देवळाची म्हणून सांगितली जायची. मी मोठेपणी बाबासाहेबांनी १९३४ ला गायकवाडांना लिहिलेलं पत्र वाचलं आणि सगळं उलटंपालटं झालं. त्यात ते स्पष्ट लिहितात की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात जोर यावा म्हणून होता, आणि ते काम झालंय, आता सगळी ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे वळवा.

बघा, ज्या माणसाला देवळाच्या दारात उभं राहू दिलं नाही तो म्हणतोय राजकारणाकडे वळा. तो त्याला घाण म्हणत नाही. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेही आपल्याच जिल्ह्यात. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत इशारा दिला की आता राजकारणात एक माणूस एक मत एक मूल्य असेल पण समाजात आणि पैशात विषमता राहील, हा विसंवाद फार काळ चालणार नाही. त्याच भाषणात असंही आहे की राजकारणात भक्ती आली की अधोगती ठरलेली. टाकळीकर काका, तुमच्या लोकसंग्रहाबद्दल आदर आहे, पण १९३० ला माणसं जोडून समाज टिकवूया असंच दार लावणारे पण म्हणत होते. टिकवायचं काय आणि मोडायचं काय हे ठरवायला भांडण लागतं.

टाकळीकर

आपलं म्हणणं वाचून थांबलो. एक विचारतो, राग मानू नका. भांडणालाच हेतू मानलं तर ते संपणार कधी? मित्र-शत्रू हाच राजकारणाचा पाया असं मांडणारे जर्मनीत होऊन गेले, त्याचं पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. बाबासाहेबांनी त्याच भाषणात घटनात्मक मार्ग मिळाल्यावर सत्याग्रहाचे मार्ग सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे, असंही सांगितलंय ना?

निळी_पहाट

सांगितलंय, आणि ते मला मान्यच आहे. घटनात्मक मार्ग उघडे असतील तर. म्हणून तर चार वर्षं निवडणूक न होणं मला ठेक्यापेक्षा गंभीर वाटतं. शत्रू हा तुमचा शब्द काका, माझा नाही. समोरच्याला संपवायचं नाहीये, पंगतीत बसवून घ्यायला लावायचंय.

सुरगाणेकर

घटनात्मक मार्ग उघडे असतील तर, हे बरं बोललात दादा.

आमच्याकडे वनजमिनीचे दावे. वनहक्क कायदा २००६ चा. कागद दिले, पुन्हा दिले, नकाशा लावा म्हणाले, लावला. मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च निघाला, ६ तारखेला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून आणि १२ ला आझाद मैदान. माझी आई होती. तांदूळ-भांडी टेम्पोत आणि माणसं पायी. शेवटच्या रात्री मुंबईत शिरल्यावर ठरलं की सकाळी दहावीचा पेपर आहे, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको, म्हणून झोपायचं सोडून रात्रीच चालत मैदानावर गेले. टीव्हीवाल्यांनी त्याचंच कौतुक केलं, किती शिस्तीचे किती गरीब. आई म्हणते कौतुक नको होतं, सातबारा पाहिजे होता. लेखी आश्वासन मिळालं, त्यातलं काही झालं काही नाही, नंतर पुन्हा निघाले लोक.

आणि २०२२ च्या शेवटी आमच्या सीमेवरच्या गावांनी निवेदन दिलं की आम्हाला गुजरातला जोडा, पलीकडे रस्ता आहे, दवाखाना आहे. कोणाला खरंच गुजरातला जायचं होतं? थोड्यांना असेल. पण ते बोलल्याबरोबर सगळ्यांना सुरगाणा नकाशावर सापडला. आता यंत्रविशारद सर सांगा, डेटा तर आमचा आधीपासून होता. कुपोषणाचा होता, टँकरचा होता, रस्त्याचा होता. डेटा असून कोणी बघितलं नाही, बघायला लावावं लागलं.

यंत्रविशारद

सुरगाणेकर, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही असं समजू नका, पण हे वाचल्यावर मी "तज्ज्ञ" हा शब्द जपून वापरेन. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. तुम्हाला मोर्चा काढावा लागला कारण यंत्रणा चालत नव्हती. यंत्रणा नीट चालली असती तर आईंना चालावं लागलं नसतं. मी यंत्रणा नीट करायचं म्हणतोय.

जुना_कार्यकर्ता

यंत्रणा नीट करायचं सगळेच म्हणतात, मधल्या काळात रात्री अकराला फोन कोण उचलतो ते सांगतो. मी एका पक्षाचं बरीच वर्षं काम केलं, तिकीट मिळालं नाही, आता घरी आहे. तेव्हा कडवटपणा धरून वाचा.

लोकांना वाटतं नगरसेवक म्हणजे टक्केवारी. असते, नाही म्हणत नाही. पण त्याच्या ऑफिसात सकाळी आठला जाऊन बसा एकदा. रेशनकार्डातून नाव कमी झालेली बाई, शाळेचा दाखला अडलेला पोरगा, कोणाच्या बापाला दवाखान्यात बेड पाहिजे त्याची चिठ्ठी. रात्री कोणी गेलं तर शववाहिका लावणं, अमरधामला लाकडाची सोय झाली का बघणं, दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरून देणं. नाव-पत्ता लिहिताना घरच्यांचा हात थरथरत असतो, तो आपण लिहायचा. कोरोनात तर हेच केलं आम्ही दिवसरात्र. हे काम नगरसेवकाचं आहे का? कायद्याने नाही. त्याचं काम सभागृहात बजेटवर बोलायचं. पण बजेटवर बोललेलं कोणाला दिसतं, मत मिळतं अमरधामला. मग बजेटवर बोलणारा निवडून येत नाही आणि लाकडं पोचवणारा बजेट वाचत नाही, न वाचता हात वर करतो. त्याला चांगला माणूस म्हणायचं का वाईट? मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि मी त्यातल्या दोघातिघांसाठी पोस्टर चिकटवलेत.

प्रशासकाच्या काळात लोक माझ्याकडे यायचे कारण दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे ना पद ना सही. तरी यायचे.

आडगावची

जुना_कार्यकर्ता काका, हे भारी लिहिलंय. माझा एक किस्सा नाही, निरीक्षण. तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या कधीच कुठे न जाणाऱ्या मुली तिथे गेल्या. आणि सगळ्यांच्या स्टोरीवर एकच ओळ, "आम्ही राजकीय नाही, पर्यावरणप्रेमी आहोत". महापालिकेचा निर्णय बदलायला शेकडो लोक जमलेत, हरकती लिहून देतायत, साधूंना जागा लागणार हेही खरंय, मग याच्यापेक्षा राजकीय काय असतं यार? पण तसं म्हटलं असतं तर अर्ध्या मुलींना घरून सोडलं नसतं. माझ्या आईने विचारलंच, कुठल्या पक्षाचं आहे का ते. नाही म्हटल्यावर डबा पण दिला.

एमए_पार्ट_टू

आडगावची +१००. यावर तुझा वेगळा धागा हवा.

सिडकोचा_बंड्या

सगळे सिरीयस झालेत म्हणून मुद्द्याचं विचारतो. धरणवाले काका, शेवटी तुमचं मत काय, ५८ का ६५? गोल गोल नको.

धरणावरचा_माणूस

गोल गोल नाही. नाशिकचा रहिवासी म्हणून ५८. माझी मुलगी दिलीये पैठण तालुक्यात, तिच्या सासरी बसून विचाराल तर मी जेवणाचं ताट संपेपर्यंत उत्तर देणार नाही.

पण खात्यातला माणूस म्हणून वेगळंच सांगेन. सोडायचंच असेल तर ऑक्टोबरातच सोडा, नदी ओली असते तोवर. कोर्टकचेरी करत थंडी संपायला आणली की पात्र कोरडं पडतं आणि सोडलेल्यातलं बरंचसं वाळूत जिरतं, म्हणजे वरच्याचं गेलं आणि खालच्याला पोचलंच नाही. आकड्यावर भांडण होऊ दे, ते होणारच. ते जूनच्या आधी करा, गेटवर येऊन नको.

चाळीतला_कांदा

काका यंदा सोडलं तर नांदूरमधमेश्वरच्या खालची वीज किती दिवस बंद ठेवतील? आमचे लाल कांदे तेव्हा नेमके पाण्यावर येतात.

धरणावरचा_माणूस

पाणी पुढे सरकेपर्यंत. तहसीलला आधी नोटीस लागते गावाची, ती बघत रहा. आणि दिवसातून थोडा वेळ तरी सप्लाय द्या असा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासकट आत्ताच देऊन ठेवा, आदेश निघाल्यावर कोणी घेत नाही.

चाळीतला_कांदा

ठरावाला सरपंच तयार व्हायला पाहिजे ना. ते दुसऱ्या गटाचे. बघते, त्यांचाही कांदा तिथेच आहे.